ताउल येथील संत क्लेमंटचे चर्च

स्पेनच्या ईशान्येस, पिरेनीज पर्वताच्या कॅटालोनियाकडील उतारावर बोई नावाचे अरुंद खोरे आहे. त्यात सुमारे १५०० मीटर उंचीवर ताउल हे खेडे वसले असून गावाच्या कडेस संत क्लेमंटचे कॅथलिक चर्च उभे आहे. कलेतिहासाच्या अभ्यासकांस ते परिचित असते ते मुख्यतः त्यातील भित्तिचित्रांमुळे. ती चित्रे मात्र आज तेथे नाहीत, आणि त्यांच्यावाचून या वास्तूचा अर्थ नीट लागत नाही.

चर्चच्या एका स्तंभावर रंगविलेल्या लेखावरून, रोडाचा बिशप रामोन याने १० डिसेंबर ११२३ रोजी त्याचे पवित्रीकरण केले असे कळते. दुसऱ्याच दिवशी त्याच गावातील संत मेरीच्या चर्चचाही विधी झाला. एवढ्याशा खेड्यात एकाच वेळी दोन चर्च उभी राहावीत हे नवलच. एरिल घराण्याच्या सरदारांनी आरागॉनच्या राजांबरोबर दक्षिणेकडील मोहिमांत मिळविलेले धन याच्या मुळाशी असावे, असे अभ्यासक मानतात.

वास्तूची मांडणी साधी आहे. गोल स्तंभांच्या दोन रांगांनी अंतर्भाग तीन दालनांत विभागलेला असून प्रत्येक दालनाच्या पूर्वेस एक अर्धवर्तुळाकार गाभारा आहे. छप्पर दगडी कमानीचे नसून लाकडी आहे. बाहेरच्या भिंतींवरील आंधळ्या कमानींच्या पट्ट्या उत्तर इटलीतील लोम्बार्ड गवंड्यांच्या परंपरेतील होत. आग्नेय कोपऱ्यातील सहा मजली चौकोनी घंटामनोरा तेवढा डोळ्यांत भरतो. कोरीव काम जवळजवळ नाही. ही उणीव केवळ दारिद्र्याची मानणे चुकीचे होईल, कारण येथील भिंत रंगासाठी राखलेली होती. मुख्य गाभाऱ्याच्या अर्धघुमटात सिंहासनस्थ ख्रिस्त चितारला होता. त्याच्या हातातील ग्रंथावर ‘मी जगाचा प्रकाश आहे’ या अर्थाचे लॅटिन वचन आहे. छताचा बाक त्या आकृतीला उपासकांकडे झुकवितो. सपाट भिंतीवर तिचा हा परिणाम साधला नसता. चित्रातील निळा रंग एरिनाइट या पिरेनीजमधीलच खनिजाचा आहे. चित्रकाराचे नाव अज्ञात असून ‘ताउलचा आचार्य’ ही संज्ञा आधुनिक अभ्यासकांनी दिलेली आहे.

१९०७ मध्ये कॅटालन विद्वानांच्या पथकाने या चित्रांची नोंद केली आणि त्यांची कीर्ती पसरली. कीर्तीबरोबर व्यापारीही आले. जवळच्या मूर येथील चर्चची चित्रे विकली जाऊन १९२१ मध्ये बोस्टनच्या संग्रहालयात पोहोचली. तो धोका ओळखून बार्सेलोनाच्या संग्रहालय मंडळाने १९१९ ते १९२३ या काळात खोऱ्यातील चित्रे इटालियन कारागिरांकरवी उतरवून घेतली. चित्रावर सरसाने कापड चिकटवावयाचे, सरस सुकून आक्रसला की रंगाचा थर कापडासह सोलून निघतो, अशी ती पद्धत. ताउलचा ख्रिस्त आज बार्सेलोनाच्या राष्ट्रीय संग्रहालयात लाकडी अर्धघुमटावर बसविलेला आहे.

हे कृत्य अपहार नव्हते; ते न होते तर चित्रे बहुधा समुद्रापार गेली असती. तथापि गाभारा उघडा पडला, हेही खरेच. काही दशके तेथे प्रतिकृती होती. २००० मध्ये खोऱ्यातील नऊ चर्च जागतिक वारसा ठरली, आणि २०१३ मध्ये प्रतिकृती काढण्यात आली. सोलताना मागे राहिलेले मूळ रंगाचे अवशेष त्यामुळे पुन्हा दृष्टीस पडले. त्यांवरच प्रकाशझोतांनी संपूर्ण चित्र काही मिनिटे उमटविण्यात येते, आणि मग भिंत पुन्हा उघडी होते.