सर्व्हरची चॅसी बदलताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अकोला-अमरावतीकडच्या एखाद्या कॉलेजात, इस्पितळात किंवा पतसंस्थेत पाच-सहा सर्व्हर जोडून स्टोरेज क्लस्टर उभा केलेला असतो. त्यातल्या एकाची चॅसी बदलायची म्हटलं की सगळ्यांना घाम फुटतो. पण भीती बहुधा नको त्या गोष्टीची असते आणि जिथे जपायला हवं तिथेच घाई होते.

गैरसमज: चॅसी म्हणजे पत्र्याची पेटी, ती काय बिघडणार?
वस्तुस्थिती: या पेटीत बॅकप्लेन असतो. डिस्कला वीज आणि डेटाचा रस्ता त्याच्यातूनच मिळतो. नवी डिस्क घातली तरी एका खाचेचा दिवा लागत नाही, पण तीच डिस्क शेजारच्या खाचेत सुरळीत चालते, असं झालं तर डिस्क बदलत बसू नका. टॉर्च मारून आत पाहा; एखादी पिन वाकलेली सापडते. काही मॉडेलांत बॅकप्लेन सुटा मिळत नाही, म्हणून अख्खी चॅसी बदलावी लागते.

गैरसमज: चॅसी बदलली की डेटा गेला.
वस्तुस्थिती: डेटा डिस्कवर असतो आणि डिस्कची ओळखही डिस्कवरच लिहिलेली असते. ‘सेफ’ (Ceph) या स्टोरेज क्लस्टर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसारख्या प्रणालीत डिस्क नव्या पेटीत घातल्या की क्लस्टर त्यांना ओळखतो. तरीही काढण्याआधी प्रत्येक डिस्कवर खाचेचा नंबर चिकटवा. डिस्कची मांडणी सांभाळणारं रेड (RAID) कार्डही नवं असेल तर ते जुन्या डिस्कना ‘फॉरेन’ म्हणतं. तिथे ‘इम्पोर्ट’ निवडायचं. ‘क्लिअर’ दाबलं तर मांडणीची नोंद पुसली जाते. खरा धोका हा आहे.

गैरसमज: क्लस्टर आहे ना, मग एक सर्व्हर केव्हाही बंद करा.
वस्तुस्थिती: सेफमध्ये सहसा डेटाच्या ३ प्रती असतात आणि काम चालू राहायला किमान २ लागतात. एक सर्व्हर बंद असताना दुसरा पडला, तर ज्या डेटाची एकच प्रत उरते त्याचं वाचन-लेखन थांबतं. म्हणून आधी क्लस्टर पूर्ण निरोगी आहे का ते बघा. शिवाय १० मिनिटं डिस्क दिसली नाही की सेफ तिला बाद धरून प्रती दुसरीकडे बनवायला लागतो. नेटवर्कवर फुकटचा भार नको म्हणून आधी ‘नोआउट’ लावतात, म्हणजे डिस्क बाद धरू नको असं क्लस्टरला सांगतात.

गैरसमज: खोलीत कूलर लावला की झालं.
वस्तुस्थिती: सर्व्हरच्या खोलीसाठी १८ ते २७ अंश तापमानाची शिफारस आहे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कूलर तेवढा गारवा देऊ शकत नाही आणि दमट हवा, धूळ मात्र आत आणतो. खोलीला एसीच हवा. दुसरीकडे कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते. आपल्याला चटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टला; नाजूक भाग १०० व्होल्टच्या आतही खराब होऊ शकतात. तेव्हा मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय आत हात घालू नये.

गैरसमज: दिवे हिरवे झाले, काम संपलं.
वस्तुस्थिती: ‘नोआउट’ काढायचं राहिलं, तर पुढे खरोखर डिस्क मेली तरी क्लस्टर तिच्या जागी नवी प्रत बनवणार नाही. म्हणून ते काढा, सगळ्या प्रती पूर्ण झाल्याचं पडद्यावर बघा आणि मगच जुनी चॅसी परत पाठवा. आणि ३ प्रती म्हणजे बॅकअप नव्हे: चुकून पुसलेली फाइल तिन्ही ठिकाणांहून एकदमच जाते.