संसाधन कक्ष : दोन शाळांच्या मधली खोली

दिव्यांग मुलाने कोठे बसून शिकावे, या प्रश्नाला भारतीय शिक्षणव्यवस्थेने निरनिराळ्या काळात जी उत्तरे दिली, ती सारी आज एकाच वेळी शेजारीशेजारी नांदत आहेत. विशेष शाळा, सर्वसाधारण शाळेतील स्वतंत्र विशेष वर्ग, संसाधन कक्षाच्या आधाराने नेहमीचा वर्ग, विशेष शिक्षकाच्या अधूनमधून होणाऱ्या भेटींवर चालणारे पूर्णवेळ नेहमीच्या वर्गातले शिक्षण आणि गृहाधारित शिक्षण, असे हे पाच प्रमुख पर्याय होत. यांपैकी संसाधन कक्ष, म्हणजे विशेष शिक्षक आणि विशेष साधने जेथे ठरावीक तासांपुरती मिळतात अशी सर्वसाधारण शाळेतली खोली, हा आकाराने लहान, पण बाकीच्या पर्यायांना जोडणारा दुवा आहे. या खोलीत येणाऱ्या मुलाचे नाव हजेरीपटावर मात्र नेहमीच्या वर्गातच असते.

विशेष शाळांची परंपरा यापेक्षा बरीच जुनी आहे. मुंबईत १८८५ च्या सुमारास कर्णबधिर मुलांची शाळा निघाली, १८८७ मध्ये अमृतसरला अंध मुलांची शाळा सुरू झाली आणि १९०० मध्ये अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी वकील दांपत्याने १९४४ मध्ये मुंबईत सुरू केलेले काम आज ‘जय वकील’ या नावाने ओळखले जाते. या शाळांनी तज्ज्ञ शिक्षक घडवले आणि शिकवण्याच्या पद्धती बसवल्या. पण त्या मुख्यतः शहरांत असल्यामुळे खेड्यातल्या मुलापुढे घर सोडून वसतिगृहात राहणे किंवा शाळाच सोडणे, एवढेच दोन मार्ग उरत.

ही कोंडी फोडण्यासाठी केंद्र सरकारने १९७४ मध्ये एकात्म शिक्षणाची योजना आणली आणि तिच्यातून संसाधन शिक्षक व संसाधन कक्ष या कल्पना शाळांपर्यंत आल्या. याच सुमारास अमेरिकेतही असाच विचार चालू होता. एव्हलिन डेनो यांनी १९७० मध्ये सर्व पर्यायांची नेहमीच्या वर्गापासून निवासी संस्थेपर्यंत उतरत जाणारी मांडणी केली, तर तेथील १९७५ च्या कायद्याने मुलाला त्याच्या गरजा भागतील अशा, पण कमीत कमी बंधनांच्या वातावरणात शिकवावे, हे तत्त्व रूढ केले.

भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने बहुविध आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षण निवडण्याची मुभा दिली. निवड अशी कागदावर आली. पण तिचा अर्थ प्रत्येक पर्यायाच्या जागी प्रत्यक्षात काय आहे यावर ठरतो.

सुसज्ज संसाधन कक्षात मांडणीवर दिसणाऱ्या वस्तूंपैकी ब्रेलची पाटी आणि टेलर फ्रेम या दोन वस्तू या खोलीचे काम नेमके दाखवतात. पाटीत कागद अडकवून टोच्याने ठिपके पाडले जातात, ते कागदाच्या मागच्या बाजूला उठतात. म्हणून अंध मूल उजवीकडून डावीकडे, उलट्या आकारात लिहिते आणि कागद पालटून डावीकडून उजवीकडे वाचते. टेलर फ्रेममध्ये ताऱ्याच्या आकाराच्या अष्टकोनी भोकांत धातूचे छोटे ठोकळे उभे करतात. ठोकळ्याच्या एका टोकाला उंच कड आणि दुसऱ्या टोकाला दोन टोचे असतात, आणि तो ज्या दिशेला फिरवून बसवावा त्याप्रमाणे त्याचा अंक किंवा चिन्ह बदलते. उभी मांडणी बोटांना लागत असल्यामुळे एकक-दशकाचे घर चुकत नाही आणि हातचाही त्याच्या जागी ठेवता येतो. हे कौशल्य चाळीस मुलांच्या वर्गात, फळ्यावरचे गणित चालू असताना शिकवता येत नाही. मात्र ते एकदा हाती आले की मूल त्याच वर्गात, तेच गणित इतरांच्या बरोबरीने सोडवते.

दृष्टी शाबूत असूनही वाचन जड जाणाऱ्या, म्हणजे वाचन-अक्षमता असलेल्या मुलाची अडचण निराळी असते आणि देवनागरीत तिला स्वतःचे वळण आहे. ‘किरण’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, पण उच्चारताना नंतर येते, ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण त्याच्या आधी उच्चारला जातो. विशेष शिक्षक म्हणूनच शब्द उच्चाराच्या क्रमाने फोडून दाखवतात, रेतीवर अक्षर गिरवून घेतात आणि एकेका जोडाक्षरावर थांबतात. भारती ब्रेलमध्ये स्वरचिन्ह उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतरच येते, त्यामुळे डोळ्यांनी वाचणाऱ्याला चकवणारी ही वेलांटी बोटांनी वाचणाऱ्याला चकवत नाही.

या साऱ्या कामाचा आधार वैयक्तिक शिक्षण आराखडा हा असतो. मुलाला आज काय येते, पुढच्या काही महिन्यांत काय यावे आणि ते कोण शिकवणार, याची ती लेखी आखणी होय. आराखड्याची खरी कसोटी वेळापत्रकात लागते. मुलाला परिसर अभ्यासाच्या तासाला उठवले तर तो विषय मागे पडतो, आणि खेळाच्या तासाला उठवले तर संसाधन कक्ष ही शिक्षा वाटू लागते. त्यामुळे कोणता तास घ्यावा, हे वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक यांनी मिळून ठरवावे लागते. जेथे हे बोलणे होत नाही, तेथे वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी संपली असे समजतो आणि खोली हळूहळू शाळेच्या आतली वेगळी शाळा बनते.

मनुष्यबळाचा प्रश्न याहून अवघड आहे. रजनीश कुमार पांडेय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण अधिसूचित करण्यास केंद्राला सांगितले, आणि २०२२ मध्ये केंद्राने प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण अधिसूचित केले. गावोगावी मात्र एकच फिरता शिक्षक अनेक शाळा सांभाळतो, तेव्हा खोलीला कुलूप आणि साधने कपाटात, अशी स्थिती होते.

यावरून विशेष शाळा कालबाह्य ठरते, असे मात्र नाही. ज्याची पहिली भाषा खुणांची आहे, अशा कर्णबधिर मुलाला त्याच भाषेत भांडणारे, थट्टा करणारे सोबती हवे असतात, आणि शेजारच्या शाळेत तो असा एकटाच असेल तर दुभाषाही ती उणीव भरून काढत नाही. पर्यायांची उतरंड लावण्यापेक्षा एकातून दुसऱ्यात जाण्याची वाट मोकळी ठेवणे अधिक महत्त्वाचे ठरते. संसाधन कक्ष ही वाट राखतो. म्हणून त्याचे यश त्यात किती मुले येतात यापेक्षा, ब्रेल किंवा जोडाक्षरे हाती आल्यावर किती मुलांना त्या तासाची गरज उरली नाही, यावरून मोजणे योग्य होय.