औषधाची चिठ्ठी
मराठवाड्यात दुखणे हाताबाहेर गेले म्हणजे माणसाला ‘घाटी’त न्यायचे, हा रिवाज दोन-तीन पिढ्यांचा आहे. १९५६ साली छत्रपती संभाजीनगरात सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या या रुग्णालयात जालना, बीड, बुलढाण्याकडून आलेला रुग्ण केसपेपर काढतो, रांगेत तिष्ठतो, डॉक्टरांपुढे काही मिनिटे बसतो. आणि शेवटी औषधांच्या खिडकीशी, किंवा तेथे न मिळालेल्या औषधासाठी बाहेरच्या मेडिकलवर जेव्हा उभा राहतो, तेव्हा त्याच्या प्रकृतीची सारी भिस्त हातातील एका कागदावर असते, आणि तो कागद बहुधा त्याला स्वतःला वाचता येत नाही.

अस्पष्ट अक्षराने केवढा अनर्थ ओढवतो, याचा दाखला इंग्लंडातील एका खटल्यात नमूद आहे. डॉक्टरांनी छातीच्या विकारासाठी ‘अमॉक्सिल’ हे प्रतिजैविक लिहिले. औषधविक्रेत्याने ते ‘डाओनिल’ असे वाचून मधुमेह नसलेल्या माणसाला रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या दिल्या, आणि शर्करा इतकी घसरली की त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालयाने दोषाचा एक चतुर्थांश वाटा डॉक्टरांच्या अक्षरावर आणि तीन चतुर्थांश विक्रेत्यावर ठेवला. कारण चिठ्ठीवरील मात्रा व गोळ्यांची संख्या डाओनिलशी जुळतच नव्हती, आणि तेवढ्यावरून त्याने विचारणा करावयास हवी होती. या निकालातील विचारणेचा हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ सालीच औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत असा नियम केला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तर ऑगस्ट २०२५ मध्ये, वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरविला. संगणकीय चिठ्ठीने अक्षराचा प्रश्न मिटतोच. परंतु तिचा खरा उपयोग त्यापुढचा आहे. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची गोळी कोणी चुकून रोज लिहिली, तर अस्थिमज्जेचा नाश होऊन रुग्ण दगावू शकतो; नीट रचलेली यंत्रणा अशा वेळी तत्काळ हरकत घेते. पेनिसिलिनची ॲलर्जी, दोन औषधांचा परस्परविरोध, दुबळ्या मूत्रपिंडाला न सोसणारी मात्रा, हे सारे ती डॉक्टरांच्या नजरेस आणते.

मात्र जे तिच्या दप्तरी दाखलच झालेले नाही, ते तिला कोठून कळणार? गावच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, वैद्याचा काढा, शेजाऱ्याने सुचविलेली वेदनाशामके यांची नोंद कोणी तरी विचारल्यावाचून होत नाही. शिवाय यादीत वरचे नाव निवडायचे ते खालचे निवडले गेले, तर चूक सुबक छापील अक्षरांत उमटते. आणि क्षुल्लक कारणासाठी वारंवार येणाऱ्या सूचना न वाचताच पुसून टाकण्याची सवय डॉक्टरांना जडते. यंत्रणा टिकवावीही लागते: राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अनेक वर्षे चाललेली संगणकीय नोंदींची व्यवस्था २०२२ साली बंद पडली, आणि कारभार पुन्हा हस्तलिखित कागदांवर आला.

एवढे करूनही चिठ्ठी इंग्रजीतच राहिली, तर ‘बी. डी.’ म्हणजे दिवसातून दोनदा, हे घरी गेलेल्या म्हाताऱ्या आजीला कोण सांगणार? जे यंत्र डॉक्टरांसाठी आणि औषधविक्रेत्यासाठी छापते, तेच रुग्णासाठी दुसरा कागद मराठीत, आणि या शहरात उर्दूतही, ठळक अक्षरांत सहज छापू शकेल: कोणती गोळी कशासाठी, सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि अंगावर पुरळ आले किंवा चक्कर आली तर गोळी थांबवून कोणाकडे जायचे. नवी प्रणाली विकत घेताना सरकारने करारातच ही अट घालावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.