तारांचा हिशेब : मायक्रोकंट्रोलरच्या मागोव्याची वाटचाल

मायक्रोप्रोसेसरच्या आरंभकाळात चालू आज्ञावलीचा माग काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे सॉकेटमधील मूळ चिप काढून तिच्या जागी इन-सर्किट एम्युलेटर, म्हणजे चिपसारखेच वागणारे पण प्रत्येक टप्पा नोंदवणारे यंत्र, बसवणे हा होता. पुढे मेमरी चिपच्या पोटात गेली, वेग वाढला आणि चिप थेट बोर्डावर सोल्डर होऊ लागली, तसा हा मार्ग अरुंद होत गेला.

पर्याय आला तो वेगळ्याच गरजेतून. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या जेटॅग या गटाचा हेतू बोर्डावरील सांधे तपासण्याचा होता व त्याचे काम १९९० मध्ये आयईईई ११४९.१ हे मानक बनले. परंतु त्यातील चार तारांवरून प्रोसेसरच्या अंतर्भागातही पोहोचता येते हे ओळखून चिपनिर्मात्यांनी आज्ञावली थांबवण्याची आणि रजिस्टर वाचण्याची सोय चिपमध्येच केली. मात्र फिरत्या मोटरचे नियंत्रण मध्येच थांबवणे धोक्याचे असते आणि वेळेशी निगडित दोष थांबलेल्या आज्ञावलीत दिसत नाहीत. त्यासाठी प्रोसेसरची रचना करणाऱ्या आर्म कंपनीने ईटीएम, म्हणजे आज्ञावलीने घेतलेली वळणे ती चालू असतानाच बाहेर कळवणारे मंडल, आणले. त्याच्या जोडणीला ३८ पिनांचा मिक्टर कनेक्टर लागे.

२००४ मध्ये जाहीर झालेल्या आर्मच्या कॉर्टेक्स-एम३ या प्रोसेसरपासून तारांची विभागणी स्पष्ट झाली. नियंत्रणासाठी एसडब्ल्यूडी या जोडणीच्या एसडब्ल्यूडीआयओ व एसडब्ल्यूसीएलके या दोनच तारा पुरेशा ठरल्या, मोजक्या संदेशांसाठी एसडब्ल्यूओ ही एक तार आली, आणि संपूर्ण मागोव्यासाठी एक घड्याळ-संकेत व चार डेटा-तारा राहिल्या, ज्या १.२७ मिलिमीटर अंतराच्या वीस पिनी कनेक्टरमध्ये १२, १४, १६, १८ आणि २० या पिनांवर येतात. घड्याळाच्या चढत्या व उतरत्या अशा दोन्ही कडांवर डेटा टिपला जात असल्याने या रेषा आखूड, जवळजवळ समान लांबीच्या आणि अखंड ग्राउंडवरून नेलेल्या असाव्या लागतात. एसडब्ल्यूडीचे काम कमी वेगात सुट्या तारांवरही भागते, तसे येथे भागत नाही.

एसटीएम३२एफ४०७ या मायक्रोकंट्रोलरमध्ये या पाच रेषा ई-पोर्टच्या पीई२ ते पीई६ या पिनांवर आहेत, तर ६४ पिनांच्या एसटीएम३२एफ४०५ मध्ये ई-पोर्टच बाहेर आलेला नाही, म्हणून तेथे या रेषा जोडताच येत नाहीत. कॉर्टेक्स-एम०+ मधील मायक्रो ट्रेस बफर मागोवा चिपच्याच रॅममध्ये साठवून ही अडचण टाळतो, पण राखून ठेवलेल्या रॅमपुरताच इतिहास त्यात मावतो. नियंत्रणाच्या तारा दोनवर आल्या, तरी पूर्ण मागोव्याच्या तारांना तितकी कात्री लागली नाही. त्यामुळे मागोवा मिळणार की नाही, हे आजही बोर्डाची आखणी होतानाच ठरते.