विद्येचा गर्व आणि संत ऑगस्टीन

(द्वितीय वर्ष, कला)

विद्येने माणसाच्या अंगी विनय येतो, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण प्रत्यक्षात नेहमी तसेच घडते काय? ख्रिस्ती धर्मविचाराने या बाबतीत फार सावध भूमिका घेतलेली दिसते. तेथे गर्व हा निव्वळ स्वभावदोष नसून सर्व पापांचे मूळ आहे. ५९० ते ६०४ या काळात पोप असलेल्या ग्रेगरी यांनी सात मुख्य दुर्गुण सांगितले. पण गर्वाला त्या सातांच्या रांगेत न बसवता त्या सर्वांची राणी ठरविले.

असे का? चोराला आपण चोरी केली हे ठाऊक असते. गर्विष्ठाला मात्र आपला गर्व दिसत नाही. शिवाय गर्व सद्गुणांच्याच आधाराने वाढतो. लूककृत शुभवर्तमानातील दृष्टांतातला परूशी उपास करतो, दशमांश देतो आणि त्याच पुण्याईच्या जोरावर जवळच्या जकातदाराला तुच्छ लेखतो. पुण्याची ही गत, मग विद्येची काय असेल?

या संदर्भात संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांचे चरित्र मला विशेष जवळचे वाटते. आजच्या अल्जीरियातील थागास्ते या लहान गावी त्यांचा जन्म झाला. वडिलांची मिळकत बेताची होती. पैशांअभावी सोळाव्या वर्षी त्यांच्या शिक्षणात खंड पडला. पुढे कार्थेजला शिकत असता, वयाच्या १९ व्या वर्षी, सिसेरोचा एक ग्रंथ वाचून त्यांना ज्ञानाची ओढ लागली. त्या ओढीने त्यांनी बायबल उघडले. पण सिसेरोच्या डौलदार लॅटिनपुढे बायबलची साधी भाषा त्यांना कमी दर्जाची वाटली. आपण तेव्हा गर्वाने फुगलो होतो व लहान होण्याची आपली तयारी नव्हती, असे त्यांनी पुढे 'कन्फेशन्स' या ग्रंथात मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो ३८७ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास.

त्याच्या आदल्या वर्षीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मिलानजवळच्या एका घरी ऑगस्टीन आपल्या मित्रांशी व शिष्यांशी तत्त्वचर्चा करीत असत. त्यांची आई मोनिका हीही तेथे बसे. पंडितांच्या ग्रंथांत कधी बायकांना स्थान मिळाले आहे काय, अशी शंका तिनेच विचारली. परंतु ऑगस्टीननी तिचे बोलणे ग्रंथात नोंदवून घेतले आणि तत्त्वज्ञानाचा गड तिने सर केला आहे, अशी कबुली दिली. एके काळी साध्या भाषेला नाक मुरडणारा हा वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक आता आईपासून शिकत होता!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आईला अक्षरओळख नाही. माझ्यासारखे अनेकजण या वर्गांत बसलेले आहेत. पुस्तकी भाषा जिभेवर रुळली, की घरची बोली अडाणी वाटू लागते, हा धोका आपल्यापुढे रोजचाच आहे.

येथे कोणी विचारील, "नम्रतेचा उपदेश नेहमी गरिबांना आणि बायकांनाच का? 'पायरीने राहा' हेच त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकावयाचे काय?" प्रश्न रास्त आहे. पण योहानकृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात शिष्य गुरूपुढे वाकत नाहीत. गुरूच कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. ते काम त्या काळी नोकराचे होते. पेत्राला ते सहन होईना, तो नको म्हणू लागला. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, ख्रिस्ती नसलेलेही होते. म्हणजे ही नम्रता दुर्बळाकडून वसूल करावयाची नाही. ज्याच्या हाती सत्ता, मान वा विद्या आहे, त्याने ती आधी दाखवावयाची आहे.

नम्रता म्हणजे स्वतःला हीन लेखणे नव्हे. आपल्याला येते ते येतेच. ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्यापाशीही आपण शिकावे असे काही आहे, हे ध्यानात ठेवून बसता आले पाहिजे. पदवी हाती पडल्यावर आपणा प्रत्येकाला हे जमावे, एवढेच मला येथे सुचवावयाचे आहे.