पायातली चप्पल निसटते, तरी कळत नाही!

तुमच्या घरात कुणाची चप्पल चालता चालता पायातून निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर त्याच्या ध्यानात येतं, असं होतं का? तळपायांना मुंग्या येतात, जीभ लालबुंद, गुळगुळीत होते, तिखट झोंबतं, बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडते? वय झालं, ऊन लागलं, असं म्हणून सोडून देऊ नका. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव अशीच चोरपावलांनी येते.

आमच्या भागातले एक माळकरी पखवाजवादक आहेत. एकादशीच्या भजनाला बुवा नसले तर रंग भरत नाही. डाव्या तोंडाला कणीक लावताना ती किती ओली आहे हेच त्यांच्या बोटांना कळेनासं झालं. थाप पडायची, बोल उमटायचा, पण बोटाखाली कातडं आहे की फळी, याचा पत्ता नाही. जोडीला थकवा, धाप, चिडचिड. दोन वर्षं टॉनिकं झाली, मालिश झालं, अंगारेसुद्धा झाले. अखेर तालुक्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी जीभ पाहिली, पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. बुवा भेलकांडले! रक्त तपासलं तर ब-१२ अगदी तळाला. लाल रंगाची इंजेक्शनं सुरू झाली. थकवा काही आठवड्यांत गेला, बोटं ताळ्यावर यायला सात-आठ महिने लागले. डाव्या पायाचा अंगठा मात्र अजून बधिर आहे. फार उशीर झाला की मज्जातंतू पूर्ण भरून येतातच असं नाही.

तेव्हापासून बुवांची नजर तयार झाली आहे. दिंडीत कंदील मालवल्यावर कोण अडखळतं, कुणाला सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, हे त्यांना आधी दिसतं. औषध ते सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, "माउली, इंजेक्शन टोचून घेण्याआधी रक्त तपासा." हे बरोबर आहे. आधी टोचलं तर तपासणीत खरा आकडा सापडत नाही.

हे जीवनसत्त्व ना भाकरीत, ना डाळीत, ना पालेभाजीत. ते जंतूच तयार करतात. तुमच्या गाईच्या पहिल्या पोटात, चाऱ्यातल्या कोबाल्टवर, हे काम रोज चालतं. तिथून ते दुधात उतरतं. मटण, मासे, अंडी यांतही असतं. माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरतं आणि यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून उणीव उशिरा उघडी पडते. आता हिशोब करा. शाकाहारी घरात आधार दुधाचाच, आणि ते सगळं पहाटे डेअरीच्या कॅनमध्ये जातं. घरात उरतो चहापुरता पेला. त्यातला घरच्या सुनेच्या वाट्याला किती येतो?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या खेड्यांतील गर्भार बायांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक जणींत ब-१२ कमी आढळलं. आईतच नसेल तर अंगावरच्या दुधात कुठून येणार? असं बाळ गुटगुटीत दिसलं तरी फिकट पडतं, केस विरळ होतात, हसायला लागलेलं हसेनासं होतं, बसायला लागलेलं पुन्हा कलंडतं, कधी थरथरतं. त्याला दृष्ट लागली म्हणू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणखी एक गोम आहे. १९२८ साली डॉ. लूसी विल्स मुंबईत आल्या. गिरणीकामगार गर्भार बायांचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी दाखवलं. त्यातलं औषधी द्रव्य म्हणजे पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलेलं. गर्भारपणात त्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. पण ब-१२ कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत मज्जातंतू झिजतच राहतात. म्हणून लोहाच्या गोळ्या घेऊनही मुंग्या असतील तर डॉक्टरांना ब-१२ विषयी विचारा.

मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी आणि पित्तावरच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही ही उणीव येते. त्यांच्या पायांच्या मुंग्या साखरेच्याच नावावर खपतात. गोळी बंद करू नका, पण तपासणी मागा. खाण्यातून कमी पडत असेल तर बहुतेकांना पोटातून घ्यायच्या गोळ्याही चालतात. जठरातल्या बिघाडामुळे ते आतड्यात शोषलंच जात नसेल, तर इंजेक्शनं पुष्कळदा जन्मभर घ्यावी लागतात. बुवांचं हे दुसऱ्या प्रकारातलं निघालं. दर तीन महिन्यांनी, एकादशी टळून गेली की, ते तालुक्याला जाऊन टोचून येतात.