दम खाणे

चालू काम थोडा वेळ थांबवून श्वास पूर्ववत होऊ देणे म्हणजे दम खाणे. सिंहगडाच्या चढावर माणूस दगडावर टेकतो, पाण्याचा घोट घेतो आणि पुन्हा पायवाटेला लागतो, तेव्हा तो दम खातो. तिथूनच माघारी फिरला, तर त्याने दम खाल्ला असे कोणी म्हणणार नाही. काम पुन्हा सुरू होणार, हे या वाक्प्रचारात गृहीतच असते.

'दम घेणे' याच अर्थाने चालते. मात्र 'जरा दम खा की!' हे उतावळ्यालाही ऐकवतात; त्याला धाप लागलेली नसते, त्याने थांबावे एवढेच सांगायचे असते. सूर अर्थातच फटकळ. वडीलधाऱ्यांना 'जरा दम घ्या' म्हणणे बरे.

'दम' हा शब्द फारसीतला, मूळ अर्थ श्वास. क्रियापद बदलले की तो कुठल्या कुठे जातो: दम लागला की धाप, दम धरला की संयम, दम दिला की धमकी. तमिळनाडूतही तो पोचला आहे. तिकडच्या बोलीत 'दम् अडिक्क' म्हणजे सिगारेट ओढणे. मराठीतल्या चिलमीच्या 'दम मारणे'चा हा भाऊबंद. कामाचा रगाडा सांगताना मात्र तमिळ माणूस आपलाच शब्द वापरतो: 'मूच्चु विड नेरमिल्लै', श्वास सोडायला वेळ नाही. मराठी माणूस तिथे 'दम खायला फुरसत नाही' म्हणेल.